यशस्वीरीत्या प्रसारित

९ जानेवारी

प्रिय मावशी,

दीड महिना पत्र नाही म्हणून तू माझ्या नावाने खडे फोडत असणार, हे मला ठाऊक आहे. पण कारण ऐकलंस तर तूच पाठ थोपटशील. सोमवारी आमची सिस्टिम सुरू झाली! आणि कुठे, तर तुझ्याच हॉस्पिटलात. ज्या लॅबच्या खिडकीशी बसून तू एकतीस वर्षं वॉर्डांना फोन करून रिपोर्ट सांगितलेस, तिथे आता माझं सॉफ्टवेअर बोलतं. तुझा तो काळा फोन काढला, मावशी. मी स्वतः काढला. जरा वाईट वाटलं, पण फार नाही.

तुला समजेल असं सांगते. आधी लॅबपासून प्रत्येक वॉर्डाला, औषधांच्या दुकानाला, स्वयंपाकघराला वेगवेगळी वायर टाकल्यासारखी जोडणी होती. एक नवीन विभाग आला की सगळी गुंतवळ उसवून पुन्हा बांधायची. आता तसं नाही. लॅबने रिपोर्ट फक्त जाहीर करायचा: 'पुरुष वॉर्ड दोनचा रिपोर्ट आला हो!' ज्याला तो हवा असेल त्याने आधीच आपलं नाव नोंदवून ठेवायचं. नाव नोंदवलं की त्याच्या स्क्रीनवर रिपोर्ट आपोआप येतो. लॅबला कोण ऐकतंय याच्याशी देणंघेणं नाही, ऐकणाऱ्याला कोण बोलतंय याच्याशी नाही. उद्या दहा नवीन वॉर्ड आले तरी लॅबमधल्या एकाही माणसाला हात हलवावा लागणार नाही.

हे सुचलं ते काही माझं डोकं नव्हे, जगभर असंच करतात. पण बसवलं मी. पहिल्या दिवशी चारशे बारा रिपोर्ट गेले. मी लॅबच्या कोपऱ्यात उभी राहून नुसती बघत होते.

मुद्दाम हाताने लिहितेय, कारण छापील पत्र तू 'सरकारी नोटीस' म्हणून न वाचता ठेवतेस. कानाचं नवीन यंत्र लावतेस का, की अजून डब्यातच आहे?

तुझी,
भुंगा


१६ जानेवारी

चि. भुंग्यास,

यंत्र डब्यातच आहे. लावलं की शेजारच्यांचा मिक्सर माझ्या डोक्यात फिरतो. म्हणून तर फोन बंद आणि पत्रं सुरू.

तुझं पत्र तीनदा वाचलं. लहानपणी एकच गणित घेऊन दुपारभर कुरतडत बसायचीस म्हणून तुझं नाव भुंगा पडलं, आणि बघ, त्या कुरतडण्याचं काय केलंस! खरं सांगते, मला फार कौतुक वाटलं. एकदा बोलायचं आणि ज्याला हवं त्याने ऐकायचं, किती सुटसुटीत. मी एकच रिपोर्ट तीन ठिकाणी फोन करून सांगताना घसा कोरडा करून घ्यायची. औषधवाले तर फोन उचलायचेच नाहीत. तुझ्यासारखं डोकं तेव्हा कुणी लढवलं असतं तर माझे कान आज शाबूत असते.

एकच विचारते. म्हातारीची शंका म्हण. माझी एक पद्धत होती, तुला आठवत असेल. रिपोर्ट जिवावरचा असला, म्हणजे पोटॅशियम भलतंच चढलंय, साखर पार खाली गेलीय, असा, तर मी आकडा सांगायची आणि समोरच्याला म्हणायची, 'आता मला वाचून दाखवा.' तो आकडा त्यांनी परत म्हणायचा, आपलं नाव सांगायचं, मी वहीत वेळ टाकायची, मगच फोन खाली. डॉक्टर लोक चिडायचे. मला 'वाचून दाखवा बाई' म्हणायचे. म्हणू देत.

तर तुझी लॅब हाक मारते तेव्हा कोणी 'ओ' देतं का? आणि दिली नाही तर लॅबला कळतं का?

मावशी


२४ जानेवारी

प्रिय मावशी,

'ओ' द्यायची गरजच नाही, तीच तर यातली गंमत! प्रत्येकाच्या 'ओ'साठी थांबत बसलं तर पुन्हा तुझा काळा फोन आणावा लागेल. पण काळजी करू नकोस. माझ्यासमोर एक स्क्रीन आहे. किती निरोप पोचायचे शिल्लक आहेत ते त्यावर दिसतं. गेले दोन आठवडे शिल्लक शून्य, दिवा हिरवा. आमचे साहेब सकाळी चहा घेऊन त्या हिरव्या दिव्यासमोर उभे राहतात, त्यांना तेवढं पुरतं.

अडचणी येतात, नाही असं नाही. परवा एक निरोप स्वयंपाकघराला दोनदा गेला. एका आजोबांना अळणी जेवणाची दोन ताटं आली आणि त्यांनी दोन्ही संपवली. वर निरोप पाठवला की उद्याही असंच होऊ द्या. दोनदा गेलेलं ओळखून दुसरं टाकून द्यायला आता शिकवलंय. एकदा तर दुरुस्त केलेला रिपोर्ट आधी पोचला आणि चुकीचा नंतर! तेही सुधारलं. होईल सगळं.

घाईत आहे.

भुंगा


२२ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,

महिना झाला. तुझी आई लिहिते की तू जेवत नाहीस आणि विचारलं की 'काही नाही' म्हणतेस. तुझं 'काही नाही' मला चांगलं माहीत आहे. काय झालंय ते लिही. चांगलं असेल तर सावकाश लिही, वाईट असेल तर आजच.

मावशी


२५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

वाईट आहे.

पाच तारखेला पुरुष वॉर्ड दोनमध्ये एक बसचालक होते, मूत्रपिंडाचे पेशंट. सकाळी रक्त गेलं. पोटॅशियम सहा पॉइंट नऊ. तू असतीस तर खुर्चीवरून उठली असतीस. लॅबने अकरा वाजून पाच मिनिटांनी रिपोर्ट जाहीर केला. उपचार सुरू झाले सव्वा वाजता. मध्ये दोन तास दहा मिनिटं. त्यांचं हृदय एकदा थांबलं, मावशी. परत सुरू केलं. आता ते उठून बसतात, पेपर वाचतात. पण ते नशीब.

चौकशी लागली. आमच्याकडे अहवाल मागितला. मी नोंदी काढल्या: 'संदेश ११:०५ वाजता यशस्वीरीत्या प्रसारित.' शिल्लक शून्य. दिवा हिरवा. तसाच अहवाल दिला. त्यावरून त्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टरना नोटीस गेली की स्क्रीनवर रिपोर्ट येऊनही तुम्ही दुर्लक्ष केलंत. सव्वीस वर्षांची नोकरी आहे त्यांची. सध्या त्यांना कामावरून बाजूला बसवलंय. पुढच्या महिन्यात वीस तारखेला चौकशी समितीसमोर निकाल.

परवा जिन्यात भेटल्या. मला वाटलं भांडतील. त्या म्हणाल्या, "तुमच्या स्क्रीनवर काही आलं नव्हतं हो. मी दर दहा मिनिटांनी बघत होते. चाळीस मिनिटांनी लॅबला फोन केला, ते म्हणाले गेलाय, तुमच्याकडेच असेल. पुन्हा बघितलं. शेवटी चालत खाली गेले आणि खिडकीशी उभी राहिले, कागद हातात मिळेपर्यंत." एवढंच. आवाज चढवला नाही. आणि मग मलाच म्हणाल्या, "तुम्ही दमलेल्या दिसता, पाणी घ्या."

नोंद तर खोटी नाही. त्या बाईही खोटं बोलणाऱ्या वाटत नाहीत. माझं डोकं चालेनासं झालंय.

भुंगा


१ मार्च

चि. भुंग्यास,

आधी जेव. मग पुढचं वाच.

त्या सिस्टरना मी ओळखत नाही, पण अशी माणसं मला माहीत आहेत. आलेला रिपोर्ट वाचणं कुणालाही जमतं. न आलेल्या रिपोर्टची आठवण ठेवून दोन मजले उतरणारी बाई शंभरात एक. तिने तुझ्या सिस्टिमवर विश्वास ठेवला असता तर आज तो बसचालक पेपर वाचत नसता. तिला नोटीस? तिचा सत्कार करायला हवा होता.

आता तुझी नोंद. ती म्हणते 'यशस्वीरीत्या प्रसारित'. बरं. प्रसारित केलं हे कळलं, पण कुणाला पोचलं? आणि ते शिल्लक शून्य. माझ्या टेबलावर एकही चिठ्ठी शिल्लक नाही, याचा अर्थ सगळ्या चिठ्ठ्या दिल्या असा होतो. किंवा कुणी चिठ्ठी ठेवलीच नाही असाही होतो. तुझा हिरवा दिवा यातलं कुठलं सांगतो?

स्क्रीनसमोरून ऊठ आणि त्या वॉर्डात चालत जा. तिथे उभी राहून बघ.

मावशी


७ मार्च

प्रिय मावशी,

गेले. पुरुष वॉर्ड दोन तिथे नाहीच.

छताच्या दुरुस्तीसाठी तो वॉर्ड फेब्रुवारीच्या चार तारखेला, म्हणजे आदल्याच दिवशी, नव्या इमारतीत हलवला होता. तिथे त्याचं नाव वॉर्ड पाच. आमच्याच माणसाने नवीन स्क्रीन नव्या नावाने नोंदवली, अगदी नीट. पण हलवण्याआधी भरती झालेल्या तीन पेशंटांच्या कागदावर जुनं नाव राहिलं होतं. लॅबने त्यांचे रिपोर्ट जुन्या नावाने जाहीर केले. त्या नावाला ऐकणारं आता कोणीच नव्हतं. रिकाम्या खोलीत, रंगाच्या डब्यांमध्ये, जुन्या स्क्रीनची नुसती खिळ्यांची भोकं होती.

आणि ऐकणारं कोणी नसेल तर सिस्टिम तो निरोप टाकून देते. तसा नियम मीच लिहिलाय, उगाच साठायला नको म्हणून. शिल्लक मोजते तीही ऐकणाऱ्यांच्या खात्यावरची. ऐकणारा नाही, तर शिल्लकही नाही. म्हणजे त्या दिवशी दिवा हिरवा होता तो कोणीच ऐकत नव्हतं म्हणून.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी आमचा अहवाल पुन्हा वाचून काढला. मग म्हणाले, "आपल्या अहवालात खोटं एक अक्षर तरी आहे का? पेशंटच्या कागदावर जुनं नाव ठेवलं ते हॉस्पिटलने. आपण काही बोलायचं नाही, त्यांनी विचारलं तर बघू." मावशी, ते वाईट नाहीत. माझ्या आजारपणात हेच साहेब माझ्या घरी औषध घेऊन आले होते. आणखी दोन हॉस्पिटलं आमची सिस्टिम घ्यायच्या बेतात आहेत, आमच्या वीस माणसांचं काम त्यावर आहे. मी बोलले तर माझी नोकरी जाईल, इतरांचीही जाईल कदाचित. आणि कोणी विचारणारही नाही, कारण काय विचारायचं हे त्यांना माहीतच नाही.

मी काय करू, हे तुला विचारत नाहीये. नुसतं लिहिलं.

भुंगा


११ मार्च

चि. भुंग्यास,

विचारत नाहीस तरी सांगते, पण सल्ला नाही, एक हकिगत. तुझ्या आईलाही माहीत नाही.

'वाचून दाखवा' ही पद्धत मी पुस्तकात वाचून काढली, असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. दुपारची वेळ, भेटायला येणाऱ्यांची गर्दी. एका माणसाचं पोटॅशियम सातच्या वर. मी वॉर्डात फोन लावला. कोणीतरी उचलला. मी धडाधडा नाव, खाट, आकडा सांगितला, 'डॉक्टरांना लगेच सांगा' म्हटलं. तिकडून 'बरं' आलं. मी फोन ठेवला आणि कागदावर लिहिलं, 'कळवले'. तो फोन उचलला होता भेटायला आलेल्या कुणाच्या तरी भावाने, हे मला मागाहून कळलं. वाजत होता म्हणून उचलला, बोलणं संपलं म्हणून ठेवला. त्या बिचाऱ्याला काय कळणार?

दोन अडीच तासांनी मोठे डॉक्टर स्वतः खाली आले. मग धावाधाव. इंजेक्शनं, यंत्रं, सगळा वॉर्ड एका खाटेभोवती.

चौकशीत माझा कागद दाखवला: 'कळवले', वेळ, सही. सगळं बरोबर. त्या वॉर्डच्या सिस्टरची बदली झाली, लांब कुठेतरी. तिची मुलं लहान होती. ती शेवटपर्यंत सांगत राहिली की फोन आला नाही, आणि तिच्यापुरतं ते खरंच होतं. फोन कुणी घेतला, हे मी विचारलं नव्हतं, एवढंच मी तेव्हा सांगायला हवं होतं. पण कोणी मला विचारलंच नाही आणि मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी वही आणली.

लोकांनी त्या वहीचं फार कौतुक केलं.

तुझं तू ठरव. जे ठरवशील त्यानंतरही तू माझी भाचीच आहेस.

मावशी


२१ मार्च

प्रिय मावशी,

काल चौकशी झाली.

आदल्या दिवशी साहेबांना सांगितलं की मी बोलणार आहे. त्यांनी डोकं धरलं. मग म्हणाले, "मी बरोबर येतो. एकटी नको जाऊस." आले, आणि माझ्या शेजारी बसले. घाम पुसत होते, पण बसले.

समितीने विचारलं, अहवालात काही भर घालायची आहे का? मी उभी राहिले. म्हटलं, "यशस्वीरीत्या प्रसारित याचा अर्थ पोचला असा होत नाही. त्या नावाला ऐकणारं कोणी नव्हतं. आणि कोणी ऐकत नाहीये हे ओळखायची सोय मी ठेवली नव्हती. सिस्टरांच्या स्क्रीनवर रिपोर्ट आलाच नाही. त्यांनी सांगितलं ते शब्दन् शब्द खरं आहे. पेशंट वाचला तो माझ्या सिस्टिममुळे नाही, त्या चालत खाली गेल्या म्हणून." सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. डोळे भरले होते, पण पाणी पडू दिलं नाही.

नोटीस मागे घेतली! आजपासून त्या कामावर आहेत. आमचं काय, ते अजून ठरायचंय. दोनपैकी एका हॉस्पिटलने नाही म्हणून कळवलं. माझी नोकरी आज तरी आहे.

संपल्यावर मी माफी मागायला गेले, तर त्यांनी मला वॉर्डात नेऊन खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "ते राहू दे. आता काय करणार ते सांगा." मी सांगितलं: साधे रिपोर्ट आहेत तसेच जाहीर होतील, त्यासाठी ही पद्धत उत्तमच आहे. पण जिवावरचा रिपोर्ट एका माणसाकडे जाईल, त्याने आकडा स्वतः टाइप करायचा, पाच मिनिटांत केला नाही तर लॅबमध्ये घंटा वाजेल. ऐकणारं कोणी नसेल तर दिवा लाल. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तो माणूस जेवायला गेला असेल तर? दोन खाटांवर एकाच नावाचे पेशंट असतील तर? वीज गेली तर?" तासाभरात माझ्या कागदावर नऊ भोकं पाडली बाईंनी! इतकी वर्षं मी मोठमोठ्या इंजिनिअर लोकांबरोबर काम केलंय, असं लख्ख डोकं बघितलं नाही. आता दर बुधवारी त्या आमच्याकडे बसणार आहेत. साहेबांनीच विचारलं त्यांना.

आणि तुझी हकिगत मी तिथे सांगितली, नाव न घेता. की एका बाईंच्या हातूनही असंच झालं होतं, धावाधाव होऊन तो माणूस वाचला, आणि त्यातून त्यांनी केवढी मोठी पद्धत घालून दिली. तुझाही पेशंट वाचला, यानेच मला उभं राहायचा धीर आला, मावशी.

तुझी,
भुंगा


२७ मार्च

चि. भुंग्यास,

तुझं पत्र मांडीवर घेऊन किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. तुझ्या साहेबांना माझा नमस्कार कळव. घाम पुसत का होईना, बसले. त्या सिस्टरना सांग, एका म्हातारीला त्यांना बघायचंय. येतील तेव्हा यंत्र लावीन, मिक्सर सोसून.

आता एक. तो माणूस वाचला, असं मी लिहिलं नव्हतं. धावाधाव झाली, इथे मी पेन कागदावरून उचललं. तू तो वाचला असं वाचशील हे मला लिहितानाच कळलं होतं, आणि मी तसंच पाकीट चिकटवलं. मला वाटलं, खरं लिहिलं तर तू घाबरून गप्प बसशील. हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण एवढंच की मला लिहवत नव्हतं.

तो संध्याकाळी साडेपाचला गेला. चौतीस वर्षांचा होता. टाइपरायटर दुरुस्त करायचा.

तीनच्या सुमाराला त्याची बायको लॅबच्या खिडकीशी आली होती, रिपोर्ट आला का विचारायला. मी म्हटलं, "केव्हाच आला. वर कळवलाय मी." तिने खिडकीतून हात आत घालून माझा हात दाबला. म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून बरं आहे हो." नंतर ती मला बऱ्याचदा रस्त्यात दिसायची. एकटी. प्रत्येक वेळी हसायची, थांबून चौकशी करायची. तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं की लॅबमधल्या बाईने आपलं काम चोख केलं होतं.

मी दर वेळी ठरवायची, आज सांगू. ती सहा वर्षांपूर्वी वारली.

तू सगळ्यांसमोर उभी राहिलीस, भुंग्या. मला तर फक्त एका बाईसमोर उभं राहायचं होतं.

मावशी